सरकारी काम, तीन दिवस थांब

सरकारी कामाला सहा महिने थांबायची आपली सवय. अमेरिकेत बंदूक घ्यायला निघाला असाल, तर ही सवय घरीच ठेवून जा. दुकानात 4473 नंबरचा फॉर्म भरायचा, मग दुकानदार एफबीआयकडे तुमच्या पूर्वेतिहासाची चौकशी करतो. सरळमार्गी माणसाचं उत्तर बहुधा काही मिनिटांत येतं. त्यात काय मजा?

तुम्ही जरा गुंतागुंतीचे व्हा. मागे कधीतरी अटक झालेली असावी आणि तिची नोंद भलत्याच पोलिसांच्या नावावर पडलेली असावी. म्हणजे तपासणारा चुकीच्या दारी चौकशी करत बसेल. कामकाजाचे तीन दिवस उलटले आणि हो-नाही काहीच आलं नाही, की दुकानदार बंदूक तुमच्या हातात ठेवू शकतो. 1993च्या ब्रॅडी कायद्यातलीच ही सोय. ‘मौनं सर्वार्थसाधनम्’ आपण नुसतं घोकलं, त्यांनी कलमात घातलं. शनिवार-रविवार तेवढे मोजू नका. आणि एखादा दुकानदार सक्ती नसतानाही उत्तराची वाट बघत बसला, तर त्याच्या नादी लागू नका. पुढचं दुकान गाठा.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर एरवी बंदूक मिळत नाही. शिकारीचा परवाना काढलात की तीही अडचण मिटते. (ग्रीन कार्डाला मात्र ही युक्ती लावू नका. तिथे पंधरा वर्षं उत्तर आलं नाही, तरी कोणी कार्ड हातात ठेवत नाही.)

ही युक्ती अनुभवसिद्ध आहे. एप्रिल 2015मध्ये साउथ कॅरोलायनात 21 वर्षांच्या एका मुलाने अशाच रखडलेल्या चौकशीवर पिस्तूल नेलं. अमली पदार्थांच्या प्रकरणातली त्याची कबुली वेळेत सापडती, तर नकारच आला असता. 17 जूनला तो चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये गेला. बायबल वाचायला जमलेल्या मंडळींनी त्याला आपल्यात बसवून घेतलं. तासाभराने त्याने त्यांतल्या नऊ जणांना ठार केलं.

त्याच राज्याचे खासदार जेम्स क्लायबर्न तेव्हापासून तुमच्या सोयीच्या मागे लागलेत. तिनाचे दहा दिवस करा, म्हणतात. त्यांचं विधेयक प्रतिनिधिगृहात 2019मध्ये मंजूर झालं, 2021मध्ये पुन्हा, 219 विरुद्ध 210 मतांनी. घाबरू नका. दोन्ही वेळा सिनेटने ते मताला घेतलंच नाही, आणि सिनेटच्या मौनाला तीन दिवसांचा नियम लागत नाही.