लाल टिक कुणी पाहिलीय का?

"उद्यापासून नवीन संपर्क नियम लागू" हा मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. निवडणूक आली, आंदोलन पेटलं, कुठं दंगलीची अफवा उठली की तो उगवतो. त्यातला 'उद्या' गेली कित्येक वर्षं काही उजाडत नाही. यावेळी तो परभणीकडे मामांच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचला. विजेची डीपी जळाली, टँकर आला नाही, पीकविमा कुणाच्या खात्यात पडला आणि कुणाच्या नाही, ई-पीक पाहणीचं अ‍ॅप अडकलं, असल्या तक्रारी तिथं व्हायच्या आणि त्यातल्या काहींची तडही लागायची. मामा अ‍ॅडमिन. त्यांनी घाबरून 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील' हे सेटिंग लावून टाकलं. गाव चिडीचूप. म्हणून हे लिहितोय, आणि वैतागून लिहितोय.

ज्यांना तो आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सगळे कॉल रेकॉर्ड होणार. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, ट्विटरवर नजर राहणार. तुमचा फोन मंत्रालयाच्या सिस्टीमला जोडला जाणार. सरकारविरुद्ध, राजकारणावर किंवा धर्मावर काही लिहिलं तर विना वॉरंट अटक. ग्रुप अ‍ॅडमिनही जबाबदार. आणि शेवटी तो प्रसिद्ध रंगीत तक्ता: तीन निळ्या टिक म्हणजे सरकारने मेसेजची दखल घेतली, दोन निळ्या एक लाल म्हणजे कारवाई होऊ शकते, एक निळी दोन लाल म्हणजे तुमची माहिती तपासणं चालू आहे, तिन्ही लाल म्हणजे कोर्टाचं समन्स निघालं.

तक्त्यापासूनच सुरू करू, कारण तो सगळ्यात हास्यास्पद आहे आणि लोक सगळ्यात जास्त त्यालाच भितात.

टिक म्हणजे पोच. एक करडी टिक म्हणजे मेसेज तुमच्या फोनातून निघून व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरवर गेला. समोरच्याच्या फोनवर तो उतरला की तो फोन गुपचूप पोच परत पाठवतो, मग दुसरी टिक. त्याने चॅट उघडलं की वाचल्याची पोच येते, मग दोन्ही निळ्या. समोरच्याने रीड रिसिट बंद ठेवली असेल तर त्या निळ्या होत नाहीत. या सगळ्या व्यवहारात पोच देणारे दोनच: कंपनीचा सर्व्हर आणि त्याचा फोन. तिसरी टिक द्यायला तिसरं कुणी तिथं नसतंच. मेसेज जाऊच शकला नाही तर काही फोनवर लाल उद्गारचिन्ह दिसतं. ते रेंज गेल्याचं लक्षण आहे, समन्सचं नाही.

ग्रुपमध्ये मात्र एक गंमत आहे आणि तिच्यामुळे संशय वाढतो. दुसरी टिक तेव्हाच येते जेव्हा ग्रुपातल्या प्रत्येकाच्या फोनवर मेसेज पोचतो, आणि निळा रंग तेव्हाच, जेव्हा प्रत्येकाने वाचलेला असतो. दोनशे जणांच्या ग्रुपात एकाचा फोन जरी शेतातल्या कोठ्यात चार्जिंगविना पडला असेल, तरी तुमच्या मेसेजवर चार दिवस एकच टिक राहील. कुणी अडवून ठेवलेला नाही. मेसेजवर बोट दाबून धरा, 'इन्फो' उघडा, कुणाला पोचला आणि कुणी वाचला याची यादी नावानिशी दिसते. त्या यादीत सरकारचं नाव सापडलं तर मला जरूर कळवा.

आणि साधा व्यवहारी प्रश्न. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्यालाच रंगीत खूण दाखवून 'बघ, आम्ही बघतोय' असं कोणतं खातं सांगेल? पाळतीच्या नियमांत गुप्तता ही पहिली अट असते. कंपनीनेसुद्धा ती पाळायची असते. पीआयबीच्या (पत्र सूचना कार्यालयाच्या) फॅक्ट चेक विभागाने, म्हणजे ज्याच्या नावाने ही भीती घातली जाते त्या केंद्र सरकारनेच, हा मेसेज खोटा असल्याचं वेळोवेळी जाहीर केलंय.

आता कॉल रेकॉर्डिंग. इथं थोडं कबूल करावं लागतं, नाइलाज आहे. सरकारला फोन ऐकण्याचा अधिकार आहे, आणि तो इंग्रजांच्या १८८५ च्या तार कायद्यापासून आहे. आता तो २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आलाय आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे नवे नियम निघाले. पण तो अधिकार सरसकट नाही. राज्यात गृह विभागाच्या सचिवाचा कारणांसह लेखी आदेश लागतो. तो ६० दिवस चालतो, वाढवला तरी एकूण १८० दिवस. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली २० डिसेंबर २०१८ ला केंद्राने फोन-कॉम्प्युटरमधली माहिती तपासू शकणाऱ्या दहा यंत्रणांची यादी काढली, तेव्हाही 'सगळ्यांचं सगळं ऐकणार' अशीच बोंब उठली होती. त्या आदेशाला विरोध करण्यासारखं पुष्कळ आहे: परवानगी देणारा आणि तपासणारा दोघेही सरकारचेच, कोर्ट मध्ये नाही. पण तो वाद वेगळा आणि खरा आहे. हा मेसेज त्याची चेष्टा करतो.

जे खरंच साठवलं जातं ते वेगळंच. तुम्ही कुणाला, कधी, किती वेळ फोन केला आणि कोणत्या टॉवरवरून, ही नोंद कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवावी लागते. पोलीस ती मागवतात. बोलणं नाही, नोंद.

व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर एप्रिल २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतो, मधल्या सर्व्हरला तो वाचता येत नाही. खात्री करायची तर संपर्काच्या नावावर टॅप करून 'एन्क्रिप्शन' उघडा. ६० आकडे दिसतील, ते समोरच्याच्या फोनवरच्या आकड्यांशी जुळायला हवेत. हे कुलूप चुकवायचं असेल तर फोनमध्येच शिरावं लागतं. पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं प्रकरण तेच होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने तपासलेल्या २९ फोनपैकी ५ मध्ये मालवेअर सापडलं, ते पेगाससच होतं असं मात्र ठरलं नाही. म्हणजे पाळतीची भीती निराधार नाही. ती गावच्या ग्रुपवरच्या डीपीच्या तक्रारीला लावणं निराधार आहे.

"तुमचा फोन मंत्रालयाला जोडला जाईल." मंत्रालयाला नाही, पण झेरॉक्सच्या दुकानाला बहुतेक जोडलेला आहे! सातबाऱ्याची किंवा हॉल तिकिटाची पीडीएफ छापायची म्हणून आपण दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडतो, प्रिंट घेतो आणि निघून येतो. लॉग आउट कोण करतं? एकदा जोडलेल्या कॉम्प्युटरला तुमचा फोन जवळ असण्याची गरज नसते, तो घरी बंद पडलेला असला तरी तिथं मेसेज येत राहतात. फोन सलग १४ दिवस वापरलाच नाही तर जोडणी आपोआप तुटते, आणि फोन तर आपण रोज वापरतो. म्हणून आत्ता सेटिंग्जमध्ये जाऊन 'लिंक्ड डिव्हायसेस' बघा. ओळखीचं नसेल त्यावर टॅप करा, लॉग आउट. तसंच चॅट बॅकअप. गुगल ड्राइव्हवर जाणारी प्रत आपोआप कुलूपबंद नसते. 'चॅट्स', 'चॅट बॅकअप', 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' असं जाऊन पासवर्ड लावावा लागतो. तो विसरलात तर जुने मेसेज कंपनीसुद्धा परत देऊ शकत नाही, तेव्हा लिहून ठेवा.

आता ज्याने खरं नुकसान केलं तो मुद्दा: "राजकीय किंवा धार्मिक विषयावर लिहिणं गुन्हा आहे." नाही. असा एक ढोबळ कायदा होता, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ. २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरच्या साध्या पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली, देशभर ओरड झाली, आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. विमा कंपनीला, महावितरणला, आमदाराला, मुख्यमंत्र्याला, पंतप्रधानाला नावं ठेवणं हा गुन्हा नाही. गुन्हा आहे तो दोन समाजांत वैर पेटवणं: भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. अफवा पसरवून लोकांना भडकवणं, कलम ३५३. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं, मागे अशाच फॉरवर्डचा धूर होता. तेव्हा 'काहीही पाठवा' असं मी म्हणत नाही. टँकरची तक्रार आणि मुलं पळवण्याची अफवा यांत फरक कळायला वकील लागत नाही, एवढंच म्हणतोय.

अडकणारे लोक कसे अडकतात हेही समजून घ्या. मुंबईत बसून कुणी त्यांचं कुलूप फोडत नाही. ग्रुपमधलाच एकजण स्क्रीनशॉट काढतो आणि पोलीस ठाण्यात नेऊन दाखवतो. बस्स.

"अ‍ॅडमिन जबाबदार." मामांना याच ओळीने हलवलं, आणि याचं उत्तर आपल्याच उच्च न्यायालयाने देऊन ठेवलंय. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण होतं. एका सदस्याने ग्रुपवर महिला सदस्याबद्दल घाणेरडं लिहिलं, अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा. १ मार्च २०२१ ला न्यायालयाने अ‍ॅडमिनपुरता तो रद्द केला. कारण असं दिलं की अ‍ॅडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं, कोण काय टाकणार हे तो आधी तपासू शकत नाही. दोघांनी ठरवून केल्याचं दिसत नसेल तर सदस्याच्या शब्दांची फौजदारी जबाबदारी अ‍ॅडमिनवर येत नाही. नुसतं अ‍ॅडमिन असणं हा गुन्हा नाही. निकाल नागपूरचा असला तरी आपलं छत्रपती संभाजीनगर खंडपीठही त्याच मुंबई उच्च न्यायालयाचं आहे, म्हणजे इथल्या कोर्टांत तो लागू होतो.

यानंतर एक बदल झालाय. २०२२ पासून अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. तो टाकल्यानंतरच, आधी नाही, त्यामुळे निकालाचं म्हणणं कायम राहतं. पण पेटवापेटवीचं काही दिसलं तर बोट दाबून धरा आणि उडवा, त्याला दोन सेकंद लागतात. सणासुदीला ठाण्यातून अ‍ॅडमिनला नोटीस येते, पूर्वी कलम १४९ ची म्हणायचे, आता कलम १६८ ची. ती समज असते, आरोप नसतो. सही करून घरी यायचं. त्यासाठी ग्रुपला टाळं लावायची गरज नाही.

"विना वॉरंट अटक." दखलपात्र गुन्ह्यात ती होऊ शकते, पूर्वीपासून. पण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी नोटीस द्यायची, उठसूट अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावलंय. अटक झालीच तर २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे. अटकेआधीची ती नोटीससुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. टिकचा रंग यात कुठंच नाही.

स्वातंत्र्याचीच काळजी असेल तर मराठवाड्यात बोलण्यासारखं दुसरं आहे. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी बीडमध्ये इंटरनेट बंद झालं. २६ फेब्रुवारी २०२४ ला बीड, जालना आणि छत्रपती संभाजीनगर, तिन्ही जिल्ह्यांत. फोनपे बंद, फॉर्म बंद, दवाखान्यातलं ऑनलाइन बंद. असा आदेश लेखी, कारणांसह आणि लोकांना दिसेल असा प्रसिद्ध करावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला सांगितलं होतं. तो आदेश कुठं लागला होता, हे तेव्हा किती जणांनी विचारलं? लाल टिक मात्र सगळ्यांनी फॉरवर्ड केली.

या मेसेजचा सगळ्यात वाईट परिणाम तर पुढचा आहे. 'सरकार तुमचा फोन बघतंय, समन्स फोनवरच येतं' हे एकदा डोक्यात बसलं की डिजिटल अरेस्टवाल्याचं अर्धं काम फुकटात होतं. तो व्हिडिओ कॉल करतो, अंगात गणवेश, मागे ठाण्याचा फलक. तुमच्या आधारवर ड्रग्जचं पार्सल पकडलंय म्हणतो, कॅमेरा बंद करू नका म्हणतो, घरच्यांनाही सांगू नका म्हणतो, आणि शेवटी 'तपासणीसाठी' पैसे एका खात्यात टाकायला लावतो. पन्नास-साठीच्या पुढच्या माणसाला लाल टिकची भीती आधीच घातलेली असेल तर तो कॉल कापणार नाही. डिजिटल अरेस्ट नावाचं काहीही कायद्यात नाही. कोणतंही कोर्ट, सीबीआय, कस्टम व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पैसे मागत नाही.

असा कॉल आला तर कापा. परत आला तर ब्लॉक. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. पहिल्या तास-दोन तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते, उशीर झाला की ती पाच-सहा खात्यांत फुटून जाते. फोन लावण्याआधी हाताशी हे ठेवा: कोणत्या बँकेतून गेले, किती आणि किती वाजता, कोणत्या खात्यात किंवा यूपीआय आयडीवर गेले, आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक (यूपीआयचा १२ आकडी असतो). तो बँकेच्या एसएमएसमध्ये असतो किंवा फोनपे-गुगलपेच्या हिस्ट्रीत त्या व्यवहारावर टॅप केलं की दिसतो. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाका आणि तिचा क्रमांक घेऊन बँकेच्या शाखेत जा. त्या माणसाचं चॅट चिडून डिलीट करू नका, पुरावा तोच आहे.