दऱ्या आणि दर्या

सकाळपासून डोकं फिरलंय, लिहून टाकते म्हणजे रात्री झोप तरी लागेल.

काल एका कविसंमेलनाला गेले होते. गावाचं नाव लिहीत नाही, संस्थेचंही नाही, माणसं चांगली आहेत, जेवायला आग्रह करकरून वाढलं. आधी फोन आला तो कवी म्हणून. दोन दिवसांनी परत फोन, ताई तुम्ही डिझाईनचं पण बघता ना, मग स्टेजच्या मागचा फ्लेक्स तेवढा करून द्या की, तुमच्यासाठी दोन मिनिटांचं काम. मी हो म्हणाले. दोन मिनिटांचं काम दोन रात्री बसून केलं. विषय होता अभिजात मराठी, आणि कल्पना अशी की येणाऱ्या प्रत्येक कवीची एकेक ओळ फ्लेक्सवर घ्यायची. माझी ओळ होती,

तीन दऱ्या उतरून आई शहरात आली

सगळा मजकूर कर्व्ह करून, अक्षरांची चित्रंच करून पीडीएफ पाठवली, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडली तरी अक्षर जागचं हलणार नाही. मग ऐन वेळी एका पाहुण्यांचं नाव वाढलं. मला एक फोन केला असता तर मी पाच मिनिटांत नाव टाकून दिलं असतं. नाही केला. फ्लेक्सवाल्याकडे बसून कुणीतरी आख्खा मजकूर परत टाइप करून घेतला, भलत्याच फॉन्टमध्ये, आणि मी स्टेजवर चढले तर माझ्याच डोक्यावर हातभर अक्षरात लिहिलेलं, तीन दर्या उतरून आई शहरात आली.

दर्या म्हणजे समुद्र हो! माझी आई जावळीतली. तिनं पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा मी कॉलेजात होते.

कार्यक्रम संपल्यावर आयोजकांपैकी एकांना जाऊन सांगितलं. ते हसून म्हणाले, ताई एवढं कोण बघतंय, भावना पोचली ना. खरंय, ऐकणाऱ्यांनी दऱ्याच ऐकलं, टाळ्याही आल्या, मान्य. पण मी शाल आणि नारळ घेऊन एसटीत बसले आणि पुण्यापर्यंत मला ते एकच अक्षर दिसत होतं.

आज सकाळी अण्णांचा फोन. कुणीतरी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला होता. अण्णांना आता एका डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही, मोबाईल नाकापाशी धरून बघतात. कार्यक्रम कसा झाला नाही, कविता कुठली वाचलीस नाही, पहिलं वाक्य काय, तर "अगं, दऱ्याचा र कुणी मोडला?"

मी काही बोललेच नाही थोडा वेळ.

अण्णा साताऱ्यात एका प्रेसमध्ये जुळारी होते. आताच्या पोरांना जुळारी म्हणजे काय ते सांगावं लागतं. शिशाचे खिळे असायचे, एकेक अक्षर म्हणजे एक खिळा, लाकडी ट्रेच्या (त्याला केस म्हणायचे) खणांत ठेवलेले, आणि ते एकेक उचलून डाव्या हातातल्या स्टिकमध्ये उलटे लावत जायचं. इंग्रजीला सव्वीस अक्षरांत भागतं, मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, सगळ्यांचे खिळे वेगळे. अण्णांना न बघता खण सापडायचा.

मी चौथीत असेन. शाळा सुटली की प्रेसमध्ये जाऊन कागदाच्या गठ्ठ्यावर बसायचे. एकदा पावसाळ्यात एक लग्नपत्रिका अर्जंट होती, त्यात वऱ्हाडी मंडळींच्या उतरण्याची सोय कुठे केलीय ते छापायचं होतं. वऱ्हाडीतला तो र, ह च्या आधी चंद्रकोरीसारखा आडवा येतो तो, त्याचा खिळा झिजलेला होता, प्रूफला नुसता डाग उठत होता. मालक म्हणाले रफार लावा आणि चढवा मशीनवर. अण्णांनी जुळवून बांधलेला फर्मा तसाच सोडला, डोक्यावर पोतं घेतलं आणि सायकल काढली. पेठेच्या पार दुसऱ्या टोकाच्या प्रेसमधून तो खिळा मागून आणला. काडेपेटीत घालून. भिजू नये म्हणून काडेपेटी टोपीखाली.

शिसं भिजून काय होणार होतं! पण मला ती टोपीखालची काडेपेटी अजून दिसते.

आता ते अक्षर सायकल मारून आणावं लागत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, ऱ ला स्वतःची जागा आहे, ०९३१. ऱ घ्या, पाय मोडा, पुढे य किंवा ह टाका, झालं. साधा र घेतलात की तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि अर्थ बदलतो. आचार्यांना बोलवा आणि आचाऱ्यांना बोलवा, एक प्रवचन करेल आणि दुसरा स्वैपाक. हिंदीला हा र लागत नाही, आपल्याला लागतो. आपला आहे तो. मग आपण नाही सांभाळला तर कोण सांभाळणार?

३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पेढे वाटले, मीही वाटले. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये शासनाने जीआर काढून मराठीचा ल कसा आणि श कसा लिहायचा हेसुद्धा ठरवून दिलंय. आणि अभिजात मराठीच्या फ्लेक्सवर आपल्याला दऱ्या लिहिता येत नाही. हे लिहिताना परत संताप होतोय माझा.

फ्लेक्सवाल्या पोराला मी बोल लावणार नाही. त्याला स्क्वेअर फुटावर पैसे मिळतात, सणासुदीला रात्ररात्र मशीनपाशी असतो, र तपासायचे त्याला कोण देतं? राग आहे तो "दोन मिनिटांचं काम" या तीन शब्दांवर. कविता म्हणजे सुचली की झालं, डिझाईन म्हणजे कॉम्प्युटर करतो, असं धरून चालायचं, आणि मग दोन्हीचं मानधन मिळून एक शाल. माझ्या कपाटात शाली मावत नाहीत. घरभाडं शालीत घेत नाहीत.

सारखं विचारतात मला, तू नक्की कोण, कवी की डिझायनर? र. कृ. जोशींना कुणी विचारलं असेल का हे? स्वतः कवी, सुलेखन करायचे, मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकवलं, मग पवईला आयआयटीच्या डिझाईन विभागात, आयडीसीत शिकवलं, आणि विंडोजवर इतकी वर्षं आपण ज्या मंगल फॉन्टमध्ये मराठी टाइप करतोय तो त्यांच्या हातचा. २००८ मध्ये गेले. कवी अरुण कोलटकरांनी पोट भरलं ते जाहिरातींच्या कामावर. मी त्यांच्या नखाचीही सर करत नाही, पण एक गोष्ट माझ्या हाताला कळलीय ती सांगते. ओळ कुठे तोडायची हे मला कवितेनं नाही शिकवलं, मसाल्याच्या पाकिटानं शिकवलं. कांदा लसूण मसाला हे शब्द चिंचोळ्या लेबलवर बसवायचे होते, आठवडाभर तोडून बघत होते, कांदा एकटा वर ठेवला तर लसूण खाली पोरका दिसायचा, अक्षर बारीक केलं तर दुकानात लांबून वाचता येईना. त्या आठवड्यात मी एक अडलेली कविता परत काढली आणि ती सरळ उलगडली, कारण शब्द जागेवरून हलवला की शेजारच्याचं काय होतं हे बोटांना कळलं होतं. आणि उलटंही होतं, एखादी ओळ मनात घोळत असली की त्या दिवशी लेआउटमध्ये मोकळी जागा सोडायला भीती वाटत नाही.

आईवरच्या त्या कवितेला अकरा महिने लागले. आधी "डोंगर उतरून" होतं. डोंगर उतरला की सपाटी येते, आईला सपाटी कधी आलीच नाही, एक दरी संपली की पुढची. म्हणून दऱ्या. म्हणून तीन. अकरा महिन्यांनी सापडलेला शब्द आहे तो आणि एका मिनिटात त्याचं पाणी झालं.

दुपारी अण्णांना परत फोन केला. म्हणलं अण्णा, माझी फाईल बरोबर होती. म्हणाले, "तू चुकवणार नाहीस, ते माहितीये मला. पण छापून येईपर्यंत तिथनं हलायचं नसतं बाळ." त्यांचं बरोबर आहे. मी पीडीएफ पाठवून मोकळी झाले होते, प्रूफ मागवलं नव्हतं.

त्या संस्थेला आज मेसेज केलाय, पुढच्या वेळी डिझाईनचं बिल लावणार, आणि छापायच्या आधी प्रूफ मला दाखवायचं. त्यांचं अजून उत्तर नाही. येईल.

आणि तुमच्यापैकी कुणाचं काही छापायचं असेल, पत्रिका, पाटी, वाढदिवसाचा फ्लेक्स, काहीही, तर मशीनवर जायच्या आधी मला एक फोटो पाठवा. डिझाईनचे पैसे मी घेईन, पूर्ण घेईन. र बघून द्यायचे घेणार नाही. रात्री अकरापर्यंत जागी असते.