घरचे तेल निघाले म्हणून पेट्रोल स्वस्त होईल का?

आखातात काही बिनसले आणि तेलाचे भाव चढू लागले की एक मजकूर हमखास फिरू लागतो. बॉम्बे हाय आपले आहे, ऊस आपला आहे, आपल्या रिफायनऱ्या जगाला पेट्रोल-डिझेल विकतात, तेव्हा आयात हा निव्वळ नाकर्तेपणा आहे आणि ती थांबली की पेट्रोल निम्म्या भावात मिळेल, असा त्याचा आशय असतो. परवा पंपावर दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकलवरचे एक गृहस्थ मला हेच पोटतिडकीने सांगत होते. दोनशे रुपयांत दोन लिटरही पेट्रोल बसत नसल्याचे काट्यावर दिसत होते, त्यामुळे त्यांचा संताप मला पूर्णपणे समजतो. मात्र त्या संतापाला जे उत्तर दिले जात आहे, ते चुकीचे आहे.

पहिला मुद्दा निर्यातीचा. आपण वर्षाला सहा कोटी टनांहून अधिक पेट्रोलियम पदार्थ बाहेर विकतो, हे खरे आहे. पण जामनगरसारख्या ठिकाणी शुद्ध होणारे बहुतेक कच्चे तेल जहाजांतून बाहेरूनच आलेले असते. दुसऱ्याचे धान्य दळून देणाऱ्या गिरणीत कितीही पीठ निघाले, तरी गिरणीवाल्याचे शेत पिकले असे होत नाही.

दुसरा मुद्दा बॉम्बे हायचा, आणि तो आपल्याला जवळचा आहे. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगने मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात हे क्षेत्र शोधले, 1976 पासून तेथून तेल निघू लागले आणि 1980 चे दशक संपताना उत्पादन वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास पोहोचले. त्यानंतर ते उतरत गेले, कारण साठा उपसला जातो तसा आतला दाब कमी होतो आणि विहिरीतून तेलाबरोबर पाणी अधिक येऊ लागते. उतार रोखण्याचे प्रयत्नच झाले नाहीत, असेही नाही. 2025 मध्ये सरकारी तेल कंपनी ओएनजीसीने याच कामासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक सेवा देण्यास नेमले. तरीही 2024-25 मध्ये बॉम्बे हाय, बाडमेर, आसाम असे सगळे धरून देशाचे कच्च्या तेलाचे उत्पादन तीन कोटी टनांच्या आतच होते, तर पेट्रोलियम पदार्थांचा खप जवळपास 24 कोटी टन होता. ही तफावत इच्छाशक्तीने भरून निघणारी नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तेथे मूळ समजूतच चुकते. समजा, उद्या आपल्याला पुरेल इतके तेल घरात सापडले, तरी ते स्वस्त मिळेल असे नाही. बॉम्बे हायहून उरणला येणाऱ्या तेलाचा दरही आंतरराष्ट्रीय भावाशीच जोडलेला असतो. नॉर्वे आपल्या गरजेच्या कितीतरी पट तेल काढतो, तरी कर जास्त असल्यामुळे तेथील पेट्रोल जगातल्या महागड्या पेट्रोलांपैकी आहे. अमेरिका तर 2020 पासून तेल आणि त्याचे पदार्थ यांची निव्वळ निर्यातदार आहे. तरी युक्रेन युद्धानंतर, जून 2022 मध्ये तेथे पेट्रोलचा सरासरी दर गॅलनला (सुमारे 3.8 लिटरला) पाच डॉलरवर गेला. स्वतःचे तेल असेल तर परकीय चलन वाचते आणि टंचाईत हात दगडाखाली राहत नाहीत. हे फायदे मोठे आहेत, पण स्वस्ताई ही वेगळी गोष्ट आहे.

राहिला ऊस, म्हणजे त्यापासून मिळणारे इथेनॉल. 2025 मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर पोहोचले आणि त्यातून कारखान्यांकडे, पर्यायाने ऊस उत्पादकांकडे पैसा आला, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु एकूण खपात पेट्रोलचा वाटा साधारण सहावा आहे, त्याच्या पाचव्या हिश्शात इथेनॉल, म्हणजे एकूण हिशेबात ते तीन टक्क्यांच्या आसपास भरते. शिवाय लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. एसटी, ट्रक आणि ट्रॅक्टर ज्या डिझेलवर चालतात, ते या गणितात येतच नाही. पाऊस कमी झाला की काय होते, हेही डिसेंबर 2023 मध्ये दिसले, जेव्हा साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि मळीवर व मक्यावर भर द्यावा लागला.

पंपावरच्या दराबद्दल जाब विचारायचाच असेल, तर त्याची जागा वेगळी आहे. 2025 मध्ये मुंबईत लिटरचा दर 103 रुपयांच्या आसपास असताना त्यात केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट मिळून 40 रुपयांहून अधिक होते. हे आकडे आपल्याच सरकारांच्या हातात आहेत. आणि परावलंबन कमी करायचे असेल, तर जळणारे तेलच कमी करावे लागेल. कोकण रेल्वेवर हे घडले आहे: 2022 मध्ये रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले, आणि जेथे डिझेल इंजिने गाड्या ओढत होती, तेथे आता विजेची इंजिने ओढतात. त्या विजेसाठीचा कोळसा आणि पाणी बहुतांशी देशातलेच आहे.