बोट लागते काय गो?

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर जे झालं त्याला तिथेच उत्तर देणार होते. पण आईचा लगेच फोन आला, 'मोठ्या काकांना उलट बोलू नकोस.' ठीक आहे. मोठे काका फेसबुकवर नाहीत, म्हणून इथे.

माझी आत्तेबहीण अमेरिकेत शिकते, दुसऱ्या वर्षाला. तिला 'सेमिस्टर ॲट सी'साठी, म्हणजे बोटीवर राहून देशोदेशी जात कॉलेजचं एक सेमिस्टर करायला, अर्धी फी माफ झाली. आत्याने बिचारीने हौसेने ग्रुपवर टाकलं. त्यावर काका : 'म्हणजे क्रूझ ना? फिरायचंय तर तसं सांगा. तेवढ्या पैशात रत्नागिरीत फ्लॅटचं डाऊन पेमेंट होतं.' खाली हसऱ्या तोंडांची रांग. यातले निम्मे लोक दर ३१ मार्चला आनंदीबाई जोशींचा फोटो फॉरवर्ड करतात. १८८३ साली अठरा वर्षांची पोर कलकत्त्याहून बोटीत बसली, काय ते धाडस, सलाम वगैरे. घरातली पोर बोटीत बसायची म्हटल्यावर डाऊन पेमेंट आठवलं.

मी त्याच बोटीने जाऊन आलेय, हे ग्रुपवर कुणाला आठवलं पण नाही. किंवा आठवलं, म्हणूनच हसले असतील.

बोट आधी खरंच जर्मन क्रूझ होती, मान्य. झुंबरं आहेत, पोहण्याचा तलाव आहे. पोरं बंदरात उतरली की दारू पितात, तेही मान्य. पण समुद्रावर असताना रविवार-बिविवार काही नसतो. एक दिवस 'ए', दुसरा 'बी', आलटून पालटून वर्ग. बोट डुलतेय, फळ्यावरचा मार्कर घरंगळतोय आणि आम्ही परीक्षा देतोय. बंदरात प्रत्येक विषयाचा एक अख्खा दिवस बाहेर, तो चुकवला की मार्क गेले. बोटीवर परतायला उशीर झाला तर पुढच्या बंदरात बाकीचे उतरतात आणि तुम्ही तेवढे तास आतच. हे १९६३ पासून चालू आहे, काल कुणी काढलेलं टूर पॅकेज नाही. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू या कार्यक्रमात पोरांबरोबर बोटीवर राहिलेत. काकांना सांगितलं तर विचारतील, त्यांचं पॅकेज किती.

असो. मला कोचीचं सांगायचंय.

कोचीच्या आधीपर्यंत मी बोटीवरची 'व्हिसावाली' होते. अमेरिकन मैत्रिणी जपानला नुसता पासपोर्ट दाखवून जाणार आणि मी बँक स्टेटमेंटच्या झेरॉक्स जोडत बसलेली. कोचीला उलटं झालं, व्हिसा त्यांना लागला. मी जाम खूश. आदल्या रात्री चौघीपाचजणींना सांगून टाकलं, उद्या माझ्याबरोबर चला, माझा देश आहे.

माझा देश! मला मल्याळमचं एक अक्षर येत नव्हतं. पाट्या वाचता येईनात. रिक्षावाल्याशी हिंदीत बोलले तर त्याने इंग्रजीत उत्तर दिलं आणि माझ्या मैत्रिणीला विचारलं, ही कुठली?

आणि विलिंग्डन आयलंडच्या, म्हणजे कोचीच्या बंदराच्या, गेटबाहेर बाबा उभे. रत्नागिरीहून नेत्रावती एक्सप्रेस पकडून, रात्रभर बसून आलेले. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. आत यायचा पास नव्हता, कारण त्यांचं नाव आधी कळवायचं मी विसरले होते. (हे आईला अजून माहीत नाही. आता होईल.) मी धावत गेले. मला वाटलं, रडतील, निदान बारीक झालीस तरी म्हणतील. तर डबा हातात देऊन विचारतात काय, 'बोट लागते काय गो?'

बस. फी नाही, मार्क नाहीत, पुढे काय करणार तेही नाही. त्यांच्या लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे बोट, आणि बोटीतला माणूस उतरला की विचारायचं ते हेच. आमच्या आजीच्या डोक्यात तर बोट म्हणजे अजूनही 'रामदास'. १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. मी निघाले तेव्हा आजीने देव पाण्यात ठेवले होते, पण जाऊ नको म्हणाली नाही. काका, ऐकताय ना? तिला कारण होतं, तरी ती म्हणाली नाही.

मग बाबा पण आमच्याबरोबर फिरले. फोर्ट कोचीतलं ते चर्च, जिथे वास्को द गामाला आधी पुरलं होतं, चिनी जाळी, सगळे फोटो काढून झाले. मट्टनचेरीत एका दुकानाशी बाबा एकदम थांबले. आतली दोन माणसं भांडत होती आणि बाबांना त्यातलं कळत होतं. कोकणी! पोर्तुगीजांच्या जाचाने गोवा सोडून गेलेली सारस्वत घरं, चारेकशे वर्षं तिथेच आहेत. बाबांनी आपल्या मोडक्यातोडक्या मालवणीत तोंड घातलं. पाच मिनिटांत भांडण मिटलं, चहा आला, लाडू फुटले. आमच्या पोरी तोंडाकडे बघतायत. एकीने मला विचारलं, 'हे काय बोलतायत?' आणि मला निम्मंच कळत होतं.

त्या आठवड्यात आमचं अख्खं सेमिस्टर ज्या स्थलांतरावर चाललं होतं, ते बाबांनी बाकड्यावर बसून चहाच्या ग्लासात दाखवलं. तेही तिकीट काढून आले म्हणून. घरी बसून त्यांनाही कळलं नसतं.

कोचीहून मॉरिशसला जाताना विषुववृत्त ओलांडतात, तेव्हा बोटीवर पोरं-पोरी हौसेने डोकं भादरून घेतात. मीही घेतलं. फोटो बघून आजी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, 'माझ्या आत्याचं असंच केलं होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.' यावर मी काही लिहीत नाही.

पोर्ट लुईत आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आहेत. ऊसमळ्यांत राबायला आणलेली माणसं तिथून वर चढायची. जवळच एक म्हातारे भेटले, पणजोबा रत्नागिरीकडचे. मराठी येत नव्हती, क्रिओल आणि फ्रेंच बोलायचे. पण गणपतीची आरती अख्खी पाठ, एकही शब्द न अडखळता. मी त्या पायऱ्यांवर बसून रडले. त्या बिचाऱ्यांना कुणी पॅकेज विचारलं नसणार, सरळ बोटीत घातलं.

हां, महाग आहे. मला मदत मिळाली, लायब्ररीत काम केलं, तरी बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलंच. आणि पाच दिवसांत देश कळतो असं म्हणणाऱ्याला मी स्वतः हसेन. मोठ्या काकांनी त्या वर्षी पन्नास हजार गुपचूप बाबांच्या हातात ठेवले होते, हेही मला माहीत आहे. म्हणूनच जास्त राग येतो. तेव्हा देणारा माणूस आज हसतो कसा?

आत्ता बाबांचा फोन येऊन गेला. ग्रुपवरचं त्यांनी वाचलंच नव्हतं. म्हणाले, 'पोरीला सांग, आवळासुपारी ने, मळमळत नाही.' तिला सांगते. पाकीट बंद असेल तर आत नेऊ देतात.