राग ‘बाहेर काढून’ राग जात नाही

‘राग मनात कोंडू नका. उशीवर ठोसे मारा, दार लावून घ्या आणि जोरात ओरडा. मन कुकरसारखं असतं, वाफ सोडली नाही तर स्फोट होणारच. दाबलेला राग शरीर पोखरतो.’ या अर्थाचा मजकूर सतत फिरत असतो. पाठवणारे तो काळजीपोटीच पाठवतात. पण हा सल्ला मनावर घेतला तर तापट माणूस आणखी तापट होण्याची शक्यता जास्त, म्हणून तो खोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

आधी कुकरचं बघू. वाफ साठते आणि सोडली की संपते. राग असा कुठे भरून ठेवलेला नसतो. अपमान झाला की छाती धडधडते, कानशिलं तापतात, मुठी वळतात. हे सगळं आपसूक ओसरायला लागतं, पण तेवढ्यात आपण तो प्रसंग पुन्हा उगाळतो आणि सगळं नव्यानं पेटतं. कोंडलेल्या भावनेचा निचरा व्हायला हवा, ही कल्पना व्हिएन्नातले डॉक्टर ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ साली हिस्टेरिया या मनोविकारावरच्या पुस्तकात मांडली. ती बोलीभाषेत इतकी मुरली की ती मुळात एक उपमा आहे, हेच आपण विसरलो.

आता ठोसे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रत्येकानं एक निबंध लिहिला. त्यावर ‘इतका वाईट निबंध मी क्वचितच वाचला असेल’ अशा धर्तीचा झोंबणारा शेरा मिळाला. मग काहींना शेरा मारणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना व्यायामाचा विचार करत मारायला सांगितलं, आणि उरलेले दोन मिनिटं नुसते बसून राहिले. सगळ्यात जास्त राग उरला तो पहिल्या गटात. पुढे ‘त्या’ माणसाला कर्कश आवाजाचा त्रास द्यायची संधी दिली, तेव्हा सगळ्यात कमी आक्रमक ठरले ते नुसते बसलेले.

त्याआधी, १९९९ मध्ये, बुशमन आणि सहकाऱ्यांनी काहींना ‘राग बाहेर काढणं हिताचं असतं’ असा लेख वाचायला दिला होता. तो वाचून बॅग बडवलेले लोक नंतर जास्त आक्रमक वागले. म्हणजे जवळजवळ हाच फिरता मजकूर तेव्हा तपासला गेला होता! २०२४ साली १५४ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हाही तेच दिसलं. संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं अशा, शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी राग उतरला. धावायला जाण्यानं उतरला नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, दाबण्याचा. त्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. ग्रॉस आणि लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये लोकांना किळस येईल अशी फिल्म दाखवली आणि चेहऱ्यावर काही उमटू देऊ नका असं सांगितलं. चेहरे शांत राहिले, पण किळस कमी झाली नाही आणि शरीरातल्या ताणाच्या काही खुणा उलट वाढल्या. तोंड दाबून बसणं हा उपाय नाहीच. पण म्हणून आदळआपट हा उपाय ठरत नाही. राग आलाय हे सांगणं आणि राग काढणं यांत फरक आहे, आणि या मजकुरात तोच गायब असतो.

मी कित्येक वर्षं दारं आपटली आहेत. दार आपटल्यावर कडीवरचा हात थरथरत असायचा आणि डोक्यात तेच वाक्य आणखी मोठ्यानं वाजत असायचं. एकदा मी आपटलं नाही. खाली बसून श्वास संथ होऊ दिला, आणि तासाभरानं एवढंच म्हटलं, ‘मला न विचारता ठरवलंत, त्याचा मला राग आलाय.’ समोरून बराच वेळ काही आलं नाही. मग उत्तर आलं, ‘विचारायला हवं होतं.’