घोड्यावरची माशी: त्या फिरत्या मेसेजला उत्तर

घोडेवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "माशी म्हणजे नुसती कटकट, तिच्याने रोग होत नाही. लीद रोज उचला, अंगाला जळकं ऑइल चोळा, पायावरचे पिवळे ठिपके पाण्याने धुवा. बाकी शेपूट आहेच." हे ऐकून वागलं तर जनावर हकनाक जाईल, म्हणून लिहितोय.

रोग होत नाही हे साफ खोटं. १८८० मध्ये ब्रिटिश पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांना आताच्या पाकिस्तानातल्या डेरा इस्माईल खान इथे सर्रा नावाचा जीवघेणा रोग झालेल्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारे परजीवी दिसले. ते एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेते घोडमाशी. तिचा चावा इतका झोंबतो की घोडा लगेच शेपूट मारतो. माशी अर्धपोटी उठते आणि तोंडाला लागलेलं ओलं रक्त घेऊन शेजारच्या घोड्यावर बसते. ज्या शेपटीच्या भरवशावर राहायला सांगितलंय, तिच्याच फटक्याने रोग पुढे सरकतो! ताप येऊन-जाऊन असेल, पोटाखाली सूज असेल, खाऊनही घोडा खंगत असेल, मागचे पाय ओढत असेल, तर ताप चढलेला असतानाच रक्त तपासून घ्या. उपचाराविना सर्रा झालेला घोडा सहसा वाचत नाही.

लीद उचला, जरूर उचला. पण तबेल्यातली चावरी माशी मुताने भिजून कुजलेल्या पेंढ्यातही वाढते, तो कोपऱ्यात राहिला तर काय उपयोग? ती दिसते घरमाशीसारखी, फक्त तोंडापुढे सुईसारखी सोंड असते. घोडा उभ्या जागी सारखे पाय आपटत असेल तर वाकून गुडघ्याखाली बघा, तिथेच बसलेली सापडेल. घोडमाशीचा मात्र लिदेशी संबंध नाही, ती पाणथळ चिखलात वाढते. भर उन्हात पाणवठ्याशी घोडा बांधू नका.

पिवळे ठिपके म्हणजे बॉट माशीची अंडी. केसांना घट्ट चिकटलेली, नुसत्या पाण्याने निघत नाहीत, पात्याने खरवडावी लागतात. घोड्याने चाटली की अळ्या जठराला आकडे रोवून आठ-दहा महिने राहतात. आयव्हरमेक्टिन या जंताच्या औषधाने मरतात, पण डोस डॉक्टरांकडून वजनावर ठरवून घ्या.

आणि जळकं ऑइल, म्हणजे गाडीतून काढलेलं जुनं इंजिन ऑइल, नकोच. घोडा घामाने अंग गार ठेवतो, त्यावर तुम्ही थर चढवता. कातडी भाजते, केस झडतात, चाटलं की पोटात जातं. घोड्यांसाठीचा परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा मिळतो. संध्याकाळच्या बारीक चिलटांमुळे घोडा आयाळ खाजवून रक्त काढत असेल, तर तबेल्यात पंखा लावा, वाऱ्यापुढे ती टिकत नाहीत.