रात्री वॉर्डात किती सिस्टर असतात, हे विचारा

बेळगावला पेशंट न्यायचा म्हटलं की आपण चौकशी करतो ती डॉक्टरची. हाताला गुण आहे का, बिल किती होईल, आयुष्मान कार्ड चालतं का. रात्री दोन वाजता त्या वॉर्डात किती पेशंटमागे एक सिस्टर असते, हे कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. माझी धाकटी बहीण स्टाफ नर्स आहे. तिच्यामुळे हा प्रश्न मला कळला, आणि आता तो डोक्यातून जात नाही.

डॉक्टर राऊंडला येतात, ऑर्डर लिहितात, पुढे जातात. बाकीचा दिवस आणि अख्खी रात्र पेशंटवर नजर असते ती सिस्टरची. ऑपरेशन झालेला माणूस बहुतेक वेळा एकाएकी कोसळत नाही. आधी काही तास श्वास वाढतो, लघवी कमी होते, बोलणं असंबद्ध व्हायला लागतं. हे वेळेत कुणाच्या लक्षात आलं आणि डॉक्टरला उठवलं, तर पुष्कळदा माणूस वाचतो.

आता चार्ट बघा. श्वास मोजायचा म्हणजे छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट उभं राहायचं. तीस पेशंट असले तर नुसत्या मोजण्यातच अर्धा तास जातो, आणि तेवढ्यात चार जणांचं सलाइन संपलेलं असतं. मग सगळ्यांच्या रकान्यात २० पडतं. २०, २०, २०. कॉटवरचा माणूस मिनिटाला ३० वेळा धाप टाकतोय आणि कागदावर ठणठणीत आहे. हे चूकच आहे. पण तीस जणांवर एक मुलगी ठेवून रोस्टरवर सही करणाऱ्याला जाब कोण विचारणार?

इंडियन नर्सिंग कौन्सिलचे निकष जुने आहेत आणि स्पष्ट आहेत: साध्या वॉर्डात ५ पेशंटमागे १ नर्स, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात ३ मागे १, आयसीयूत १ ला १. शिवाय रजा-सुट्ट्यांसाठी ३० टक्के जादा माणसं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास २००२ साली छापून आला. ऑपरेशन झालेल्या पेशंटांच्या बाबतीत, नर्सवर एक पेशंट वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पुढे युरोपातल्या नऊ देशांतही जवळपास तोच आकडा आला. तिकडे चारावरून आठ पेशंट झाले तर काळजी करतात. आपल्याकडे हिशेब विशीच्या पुढेच सुरू होतो.

आणि ही सिस्टर कुठल्या अवस्थेत असते? बहीण ज्या हॉस्पिटलात आधी होती तिथं रिलीव्हर आली नाही की नाईट करून आलेलीलाच थांबवायचे. 'आज जरा अॅडजस्ट कर गं' म्हणायचे, आणि ते 'आज' दर आठवड्याला यायचं. साडेबारा तासांच्या वर गेलेल्या ड्युटीत नर्सच्या हातून चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट होते, हे २००४ च्या अभ्यासात दिसलंय. संध्याकाळी जेवणाच्या वेळेला शुगरच्या पेशंटांना इन्सुलिन द्यायचं असतं. सिरिंज हातात, युनिट मोजतेय, आणि पाठीमागून तीन नातेवाईक एकदम हाका मारतात. तशात कणकुंबीकडच्या आजी मराठीतून दुखणं सांगतात, ड्युटीवरच्या मुलीला कन्नड आणि मल्याळमच येतं. दुभाष्या शोधायलाही वेळ लागतो, आणि तोच तर तिच्याकडे नसतो.

पगाराचं तर बोलूच नये अशी स्थिती. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीनं सांगितलं होतं की पन्नासपेक्षा कमी कॉटच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला महिना २०,००० च्या खाली देऊ नये. एवढ्या वर्षांनंतर आपल्या भागातल्या किती नर्सिंग होममध्ये तेवढा पगार मिळतो, ओळखीतल्या सिस्टरला विचारून बघा. जिल्ह्यात नर्सिंग कॉलेजं भरपूर, पण शिकलेल्या मुली दोन वर्षं अनुभव घेऊन गल्फची वाट धरतात. मी त्यांना दोष देणार नाही. सरकारीत कंत्राटी नेमणुका, खासगीत हा पगार. राहायचं कशासाठी?

मालक म्हणतात, परवडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यानं २०१६ मध्ये कायद्यानं प्रमाण ठरवून दिलं. जादा नर्सवर जितका खर्च झाला त्याच्या दुपटीहून जास्त पैसा वाचला, कारण पेशंट लवकर घरी गेले आणि परत भरती होण्याचं प्रमाण घटलं. सरकारी दवाखान्याला तर हे कारण मुळीच चालणार नाही. चंदगडचा पेशंट बेळगावला येतो, खानापूरचा गोव्याला जातो, निपाणी-चिकोडीचा मिरज-कोल्हापूर गाठतो. सीमा नकाशावर असेल, कॉटवर नाही. तेव्हा माणसं नेमताना शेजारच्या तालुक्यांचाही भार धरायला हवा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर, प्रत्येक शिफ्टला, कन्नड आणि मराठीत पाटी लावा: आज पेशंट किती, नर्स किती. सरकारीत लावा, खासगीतही लावा. आमदार-खासदार नव्या इमारतीची फीत कापायला येतात तेव्हा हाच आकडा मागा. आणि आपण काय करायचं? कॉटजवळ एकानंच थांबायचं, औषधाची ट्रॉली फिरत असताना सिस्टरला हाक मारायची नाही. पण आपल्या माणसाचा श्वास सकाळपेक्षा वेगळा वाटला तर मात्र गप्प बसायचं नाही, लगेच जाऊन सांगायचं.

नर्सिंगमधल्या मुलींनी, ब्रदर लोकांनी कमेंटमध्ये आपल्या वॉर्डातला रात्रीचा आकडा लिहावा. हॉस्पिटलचं नाव नको, आकडा पुरे.